मज्जारज्जूची दुखापत आणि मूत्राशय : एका उपचाराचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त ऐकावेत, संतांची शिकवण ऐकावी, फार तर एखाद्या शास्त्रीय शोधाची कथा ऐकावी, अशी श्रोत्यांची सवय असते. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो चारचौघांत काढावयाचा नसतो असा आपल्याकडे संकेत आहे. माणसाची पाठ मोडली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले, तर त्याच्या लघवीचे काय होते आणि वैद्यकाने त्यावर आजवर काय काय केले, हा तो विषय होय. परंतु संकोचामुळे एखाद्या गोष्टीविषयी आपण बोललो नाही, म्हणून तिच्यामुळे माणसे मरावयाची थांबत नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पाठीचा मणका मोडलेला माणूस अपघातातून वाचला, तरी पुढे बहुधा दोन कारणांनी मरे : तुंबलेल्या व नासलेल्या मूत्रामुळे, आणि अंथरुणावर पडून झालेल्या जखमांमुळे. मणका त्याला लुळे करी; मारी ते मूत्र आणि ते व्रण.

ही परिस्थिती पालटली कशी आणि त्यासाठी नेमके काय लागले, याचा शोध आज आपण घेऊ. आम्हांला या इतिहासातून जे विशेष जाणवले ते आरंभीच सांगून टाकतो. या कथेत उपकरणे आहेत, औषधे आहेत, मोठे शोधही आहेत. पण माणसे वाचली ती मुख्यतः ठरलेल्या वेळी ठरलेले काम चुकू न देणाऱ्या हातांमुळे. तो हात कोणाचा असावा, वैद्याचा, परिचारिकेचा की खुद्द रुग्णाचा, हा या इतिहासातला खरा वादाचा मुद्दा आहे.

प्रथम थोडी शरीराची ओळख करून घेऊ. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो. जाडीने तो करंगळीएवढाच. पण हातापायांना जाणारे हुकूम आणि तेथून येणारी खबर यांची सगळी वाहतूक त्याच्यातूनच होते. मूत्राशयाच्या नसा या रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकातून निघतात. मूत्राशयाची कामे दोन : साठविणे आणि रिकामे होणे. त्याची भिंत स्नायूची असते आणि त्याच्या तोंडाशी स्नायूचेच एक कडे असते. साठविताना भिंत सैल राहते व कडे आवळलेले असते. रिकामे होताना भिंत आवळते आणि त्याच क्षणी कडे सैल पडते. ही जी जोडी जमते ती मेंदूच्या देठातील एका छोट्या केंद्रामुळे. हे केंद्र लंडनच्या बॅरिंग्टन नावाच्या शल्यविशारदाने मांजरांवर प्रयोग करून १९२५ च्या सुमारास दाखवून दिले.

आता मधला रज्जू चिरडला किंवा तुटला असे समजा. पहिले काही आठवडे त्याखालचा सगळा भाग निपचित असतो. मूत्राशय भरत जाते, ताणत जाते, आणि अखेरीस भरलेल्या रांजणाच्या काठावरून पाणी ओघळावे तशी लघवी थेंब थेंब गळू लागते. पाहणाऱ्याला वाटते, लघवी होते आहे, काळजी नाही. वस्तुतः मूत्राशय तुडुंब असते. गळणे म्हणजे रिकामे होणे नव्हे, ही एक गोष्ट ज्या काळी ज्यांना कळली नाही त्या काळी त्यांचे रुग्ण दगावले. पुढे दुखापत वरच्या भागात असेल, तर तुटलेल्या जागेखालचा रज्जू आपल्यापुरता जागा होतो आणि मूत्राशय आपोआप आवळू लागते. पण मेंदूची आज्ञा पोचत नसल्याने भिंत आणि कडे दोन्ही एकदमच आवळतात. पंप चालू आहे आणि तोटी बंद आहे, अशी ही अवस्था. मग दाब वाढतो आणि मूत्र उलट मूत्रपिंडांकडे रेटले जाते. दुखापत अगदी खालच्या टोकाला असेल, तर मूत्राशय कायमचे सैल पिशवीसारखे पडून राहते. दोन्ही प्रकारांत आत राहिलेल्या मूत्रात जंतू वाढतात, खडे धरतात, आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात.

या रोगाची पहिली लेखी नोंद इजिप्तमधली आहे. १८६२ मध्ये एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लक्सर येथे एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. १९३० मध्ये ब्रेस्टेड या पंडिताने तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. ही प्रत ख्रिस्तपूर्व १६०० च्या आसपासची असून मूळ मजकूर त्याहूनही जुना आहे. तिच्यात जखमांची ४८ प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी वैद्याने आपला निर्णय द्यावयाचा आहे. निर्णय तीनच : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंज देईन, यावर उपचार करावयाचा नाही. एकतिसाव्या प्रकरणात मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे वर्णन आहे. त्याला आपल्या हातापायांची जाणीव नाही, आणि त्याच्या नकळत त्याची लघवी गळते आहे. त्याच्यापुढे तिसरा निर्णय लिहिलेला आहे. या वैद्याला निर्दय म्हणण्याचे कारण नाही. त्याने रोगलक्षण अचूक टिपले आहे, मानेची जखम आणि लघवीचे गळणे यांचा संबंध त्याला दिसला आहे, आणि आपल्या हाती काही नाही हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदले आहे.

नळ्या मात्र जुन्या काळापासून होत्या. सुश्रुताने आपल्या यंत्रांच्या यादीत वीस प्रकारची नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या, सांगितल्या आहेत. लघवी अडण्याचे म्हणजे मूत्राघाताचे बारा प्रकार त्याने वर्णिले आहेत, आणि मूत्रमार्गाने औषध सोडण्याचा उत्तरबस्ती हा उपचारही आपल्या आयुर्वेदात आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननात वाकदार कांस्यनळ्या सापडल्या. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने मुतखड्याने त्रस्त झालेल्या आपल्या भावासाठी वाकणारी चांदीची नळी करवून घेतली. एकोणिसाव्या शतकात रबराची मऊ नळी आली. तेव्हा नळी नव्हती म्हणून पाठ मोडलेली माणसे मेली, असे म्हणता येत नाही. नळी केव्हा घालावी, कोणी घालावी, किती वेळ ठेवावी, हे ठाऊक नव्हते. आणि त्याहीपेक्षा, हा माणूस जगण्यासारखा आहे असे कोणाला वाटतच नव्हते.

या निराशेला मोठेपणाचाही अपवाद नव्हता. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईत अॅडमिरल नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी त्याच्या पाठीच्या कण्यात गेली. खालच्या अंगाची संवेदना गेली आहे हे त्याने स्वतःच ओळखले, आणि आपल्याला काय झाले आहे हे शल्यवैद्य बीटीला सांगितले. बीटीने त्याला आता काही करता येण्यासारखे नाही असेच उत्तर दिले. अंतर्गत रक्तस्रावाने तो काही तासांतच गेला. इंग्लंडच्या सर्वांत लाडक्या सेनानीला जो निर्णय ऐकावा लागला, तो इजिप्तच्या त्या गुंडाळीतील निर्णयाहून वेगळा नव्हता. मध्ये तीन हजारांहून अधिक वर्षे गेली होती.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाला संख्या दिली. खंदकांतल्या लढाईत गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी पाठीचे कणे फुटलेले तरुण शेकड्यांनी रुग्णालयांत येऊ लागले. त्यांतले शेकडा ऐंशीच्या आसपास लवकरच दगावले, असे त्या काळाविषयी सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आघाडीवरच्या घाईगर्दीत, चिखलात, कोणीतरी नळी घाली. तिच्याबरोबर जंतू आत जात. आणि ताप भरून काही आठवड्यांत माणूस संपे. म्हणून काही वैद्य म्हणू लागले, नळी घालूच नका, ओटीपोटावर हाताने दाब देऊन लघवी काढा. दुसरे म्हणू लागले, ओटीपोटावर छेद घेऊन तेथूनच कायमची नळी ठेवा. पुष्कळ ठिकाणी हा दुसरा मार्ग पत्करला गेला. माणूस काही काळ जगे. पण कायम ओले अंथरूण, आक्रसून गेलेले मूत्राशय आणि खडे त्याच्या वाट्याला येत.

याच काळात लंडनमध्ये हेन्री हेड आणि जॉर्ज रिडक या दोघा मज्जाविकारतज्ज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. ज्या थोड्या सैनिकांना जंतुदोषापासून वाचविता आले होते, त्यांच्यांत काही काळाने तुटलेल्या रज्जूचा खालचा भाग पुन्हा काम करू लागला. मूत्राशय ठराविक भरले की आपोआप आवळे. तळपायाला किंवा मांडीला खाजविले तरी ते रिकामे होऊ लागे. १९१७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तुटलेल्या रज्जूखालचे शरीर मेलेले नसते, त्याला वेळ द्यावा लागतो आणि त्या अवधीत त्याला जंतूंपासून जपावे लागते, असा याचा अर्थ. परंतु युद्ध संपले, रुग्ण विखुरले, आणि ही विद्या नियतकालिकांच्या पानांत राहिली. शास्त्राला एखादी गोष्ट कळणे आणि खाटेवरच्या माणसाला तिचा उपयोग होणे, यांत किती अंतर असते याचे हे उदाहरण आहे. येथे ते अंतर सत्तावीस वर्षांचे पडले.

मधल्या काळात अमेरिकेत बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड मन्रो या मज्जाशल्यतज्ज्ञाने अशा रुग्णांसाठी १९३६ मध्ये वेगळी व्यवस्था सुरू केली. त्याने एक साधन वापरात आणले. त्यात नळीवाटे जंतुनाशक पाणी मूत्राशयात हळूहळू चढे आणि ठराविक पातळीला पोचले की आपोआप खेचले जाऊन उतरे. भरती-ओहोटीसारखे हे चाले, म्हणून त्याला नावही भरती-ओहोटीवरूनच पडले. भरणे आणि रिकामे होणे हा मूत्राशयाचा स्वभाव आहे, त्याला सतत रिते ठेवणे हा उपचार नव्हे, हे मन्रोला समजले होते. याच दशकात फोली या अमेरिकन डॉक्टरने टोकाला फुगा असलेली, आत टिकून राहणारी नळी तयार केली. आज कोणत्याही रुग्णालयात खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लोंबताना दिसते, ती या फोलीच्या नळीची.

आता आपण या कथेच्या मध्यभागी येतो. लुटविग गुटमन यांचा जन्म १८९९ साली जर्मनीतील सायलेशिया प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कोळशाच्या खाणींच्या मुलखातील एका अपघात-रुग्णालयात शुश्रूषक म्हणून काम करीत होते. पाठ मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार तेथे आला. गुटमन त्याची टिपणे करू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की हा श्रम व्यर्थ आहे, माणूस थोड्याच आठवड्यांत जाईल. आणि तसेच झाले. मूत्राचा जंतुदोष व शय्याव्रण यांनी तो गेला. गुटमन यांनी पुढे हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. ब्रेस्लाऊ येथे फोर्स्टर या थोर मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून त्यांना काढले. ते ज्यू रुग्णालयात गेले. नोव्हेंबर १९३८ मधील त्या कुप्रसिद्ध रात्री, जेव्हा ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तेव्हा त्यांनी रुग्णालयाचे दार सर्वांना उघडे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर एकेकाला रुग्ण म्हणून दाखवून साठ माणसांची अटक टाळली. मार्च १९३९ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला आले.

ऑक्सफर्डमध्ये ते संशोधन करीत असता दुसऱ्या महायुद्धाची नवी आघाडी फ्रान्समध्ये उघडणार हे दिसू लागले. पाठ मोडलेले सैनिक पुन्हा येणार होते. त्यांच्यासाठी वेगळा विभाग काढावा असे ठरले आणि तो गुटमन यांच्याकडे द्यावा असे ज्यांनी सुचविले ते रिडक, तेच १९१७ चे रिडक. लंडनच्या वायव्येस एल्सबरी गावाजवळ स्टोक मँडेव्हिल येथे १ फेब्रुवारी १९४४ रोजी हा विभाग उघडला. खाटा पंचवीसएक, आणि पहिल्या दिवशी रुग्ण एक. ही जागा कोणी मागून घेण्यासारखी नव्हती. मरणाऱ्यांच्या विभागात जाऊन कोणाचे नाव होणार?

गुटमन यांनी तेथे काय केले हे ऐकून आपली निराशा होण्याचा संभव आहे, कारण त्यात दिपवून टाकणारे काहीच नाही. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदलावयाची, म्हणजे अंगाला व्रण पडणार नाहीत. पाठीला प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याची रीत बंद. मूत्राशयासाठी कायमची नळी नाही आणि ओटीपोटावर छेदही नाही. दिवसातून ठराविक वेळा नवी, उकळून निर्जंतुक केलेली नळी घालावयाची, मूत्राशय पुरते रिकामे करावयाचे आणि नळी लगेच काढून घ्यावयाची. नळीच्या आत जाणाऱ्या भागाला हात लावावयाचा नाही, चिमट्याने धरावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे काम डॉक्टरने स्वतः करावयाचे. आजवर जे काम सर्वांत कनिष्ठ सेवकाकडे ढकलले जाई, ते गुटमन यांनी शस्त्रक्रियेच्या मानाला चढविले. रात्रीबेरात्री ते स्वतः वॉर्डांत येऊन रुग्णांची कूस बदलली आहे की नाही हे पाहत. त्यांच्या कडक शिस्तीच्या कथा पुष्कळ आहेत. हाताखालच्यांना ते सोपे गेले नसावे.

तेथे आणखी एक गोष्ट उजेडात आली. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात रज्जू तुटलेल्या काही रुग्णांना एकाएकी प्रचंड डोकेदुखी होई, चेहरा लाल होई, घाम फुटे. हेड आणि रिडक यांनी हा घाम पूर्वी पाहिला होता. गुटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की मूत्राशय ताणले की अशा रुग्णाचा रक्तदाब भयंकर चढतो. रुग्णाला पोटात काहीच जाणवत नाही, पण शरीर आपल्या परीने हाकाटी करीत असते. तुंबलेली नळी मोकळी केली की दाब उतरतो. हे ज्ञान आजही घरोघरच्या शुश्रूषकांना असणे अवश्य आहे, कारण वेळीच न कळल्यास यातून मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही येऊ शकतो.

१९६६ मध्ये गुटमन आणि त्यांचे सहकारी फ्रँकेल यांनी आपला हिशेब मांडला. अकरा वर्षांतल्या ४७६ रुग्णांपैकी निम्म्याहून बरेच अधिक रुग्ण जंतुरहित मूत्र घेऊन घरी गेले होते. पन्नास वर्षांपूर्वी असा रुग्ण घरी जाणे हीच नवलाची गोष्ट होती. येथे कोणी विचारील, हे श्रेय पेनिसिलिनचे का म्हणू नये? ते औषध याच काळात आले हे खरे, आणि त्याने अनेक जीव वाचविले हेही खरे. परंतु ज्या मूत्राशयात मूत्र साचून राहते, तेथे औषधाने एक जंतू मेला की त्याची जागा दुसरा, अधिक चिवट जंतू घेतो, असा वैद्यांचा अनुभव आहे. डबके न उपसता डासांवर धूर करण्यासारखे ते आहे. औषधाने वेळ मिळवून दिला. जीव राखला तो उपशाने. तसेच श्रेय एकट्या गुटमन यांचेही नव्हे. मन्रो त्यांच्या आधी होते. अमेरिकेत अर्नेस्ट बॉर्स या मूळच्या प्रागच्या मूत्रशल्यतज्ज्ञाने युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी अशीच मोठी कामगिरी केली. विखुरलेले रुग्ण एका जागी आणणे, त्यांची सर्व जबाबदारी एका माणसावर सोपविणे आणि रोजच्या क्षुल्लक कामाला प्रतिष्ठा देणे, या तीन गोष्टी जेथे जेथे झाल्या तेथे तेथे माणसे जगली.

माणूस जगू लागला की पुढचा प्रश्न येतो : जगून काय करावयाचे? लंडनचे ऑलिंपिक सामने ज्या दिवशी सुरू झाले, त्याच २९ जुलै १९४८ रोजी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील सोळा स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पुढे यातूनच १९६० मध्ये रोमचे सामने आणि आजचे पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे याच सामन्यांत पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळविणारे ते पहिले भारतीय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. या पदकाची बातमी आपण अभिमानाने वाचतो. ती स्पर्धा मुळात ज्या वॉर्डाच्या अंगणात जन्मली, तेथे आधी कूस आणि लघवी यांची लढाई जिंकावी लागली होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

तथापि गुटमन यांच्या पद्धतीत एक अडचण होती. डॉक्टर, निर्जंतुक नळी, चिमटे, हे सर्व रुग्णालयात. माणूस गावी गेल्यावर हे कोठून आणावे? आयुष्यभर कोण डॉक्टर दिवसातून चार वेळा दारी येईल? याचे उत्तर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडिस यांनी दिले, आणि ते ऐकून पुष्कळ वैद्य दचकले. १९७२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की रुग्णाने स्वतःच्या हाताने, साबणाने हात धुऊन, स्वच्छ धुतलेली नळी घालावी, मूत्राशय रिकामे करावे व नळी धुऊन ठेवावी. निर्जंतुक असण्याची आवश्यकता नाही. स्वच्छ असली की पुरे. त्यांची पहिली रुग्ण मज्जाविकाराने मूत्राशय निकामी झालेली एक स्त्री होती. लॅपिडिस यांचे तर्कशास्त्र असे : मूत्राशयाच्या भिंतीत रक्त नीट खेळत असेल, तर आलेले थोडे जंतू ती स्वतःच परतवून लावते. पण मूत्राशय फार ताणले की त्या भिंतीतला रक्तपुरवठा आटतो आणि मग जंतूंचे फावते. म्हणून नळी किती शुद्ध यापेक्षा ती किती नियमाने, यालाच अधिक महत्त्व. चारसहा तासांचा नेम चुकता कामा नये. वेळ झाली आणि शुद्ध नळी हाताशी नाही, तरी थांबू नये.

निर्जंतुकतेच्या सोवळ्यात वाढलेल्या वैद्यांना हे पटावयास वेळ लागला, यात नवल नाही. पण अनुभव लॅपिडिस यांच्या बाजूने पडत गेला. आज ज्यांचे हात चालतात अशा रुग्णांसाठी जगभर हीच पद्धत प्रथम सुचविली जाते. मानेची दुखापत होऊन बोटेही गेलेल्यांसाठी मात्र दुसऱ्याचा हात किंवा अन्य मार्ग लागतोच. नळी दर वेळी नवी असावी की धुऊन पुन्हा वापरावी, यावर तज्ज्ञांत अद्याप चर्चा चालू आहे. आपल्याकडे मात्र खर्चामुळे पुष्कळांना धुऊनच वापरावी लागते. ते कसेही असो. जी नळी एकेकाळी मृत्यूची वाट होती, ती रुग्णाच्या खिशात किंवा पर्समध्ये जाऊन बसली. तो कचेरीत जाऊ लागला, प्रवास करू लागला, रात्री कोरड्या अंथरुणावर झोपू लागला. वैद्यकाच्या इतिहासात अधिकार वैद्याकडून रुग्णाकडे इतक्या उघडपणे गेल्याची उदाहरणे थोडी असतील.

त्यानंतरच्या प्रगतीचा आढावा थोडक्यात घेतो. मूत्राशयातला दाब मोजण्याची विद्या वाढली. मॅकग्वायर यांनी १९८१ मध्ये, पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांचा अभ्यास करून, हा दाब सुमारे चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाहून अधिक राहिला तर मूत्रपिंडांना धोका असतो हे दाखविले. हा धोका मुका असतो; दुखत नाही, खुपत नाही. म्हणून काही त्रास नसतानाही ठराविक काळाने तपासणी करणे अवश्य ठरले. दाब उतरविणारी औषधे आली. ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने खालच्या नसांच्या मुळांशी विद्युत्यंत्र बसवून, बाहेरून कळ दाबताच मूत्राशय रिकामे करण्याची युक्ती सत्तरीच्या दशकात सिद्ध केली. २००० साली झ्यूरिकच्या ब्रिगिट शुर्ख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नासलेल्या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे जे विष, त्याचीच सूक्ष्म मात्रा मूत्राशयाच्या भिंतीत टोचून तिचा बेबंद आवळ कसा सैल करता येतो हे प्रसिद्ध केले. या सर्वांचे फळ एका वाक्यात सांगता येईल : ज्या देशांत ही व्यवस्था नीट लागली, तेथे अशा रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत एकेकाळी पहिले असलेले मूत्रपिंडांचे निकामी होणे आता बरेच मागे गेले आहे, आणि श्वसनाचे विकार पुढे आले आहेत.

आपल्या देशातही या क्षेत्रात मोठी माणसे झाली. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीज १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय संस्था १९५५ पासूनची. पुण्याजवळ खडकी येथे पाठीच्या दुखापतीने लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये केंद्र निघाले. परंतु आपल्याकडे कणे मोडतात ते केवळ रणांगणावर नाहीत. उंचावरून पडणे आणि रस्त्यांवरचे अपघात ही येथली मोठी कारणे. माडावरून पडलेला पाडेली, इमारतीच्या परांचीवरून कोसळलेला मजूर, मोटारसायकलवरून फेकला गेलेला कॉलेजचा विद्यार्थी, हे आपल्या गावचे रुग्ण आहेत. रुग्णालयातून घरी आणल्यावर त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न वैद्यांच्या इतकाच तुम्हां-आम्हां नागरिकांचा आहे.

आणि येथेच आमच्या आरंभीच्या संकोचाचा मुद्दा परत येतो. नळी स्वतः घालावयाची तर घरात आडोसा हवा, पाणी हवे, आणि घरच्यांना त्यात घाण किंवा अशुभ वाटता कामा नये. घराबाहेर पडावयाचे तर चाकाची खुर्ची आत जाईल एवढ्या रुंद दाराचे स्वच्छतागृह कचेरीत, शाळेत, एस. टी. स्थानकावर हवे. ते नसेल, तर माणूस बाहेर निघायचे म्हणून पाणी पिण्याचे सोडतो, वेळ टाळतो, आणि तुंबलेल्या मूत्राची जुनी कहाणी पुन्हा सुरू होते. स्त्रियांच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट आहे. लॅपिडिस यांच्या नियमाचे अर्धे पालन रुग्णाच्या हाती आहे. उरलेले अर्धे नगरपालिकेच्या, शाळेच्या, घरधन्याच्या हाती आहे.

इजिप्तच्या त्या वैद्याने उपचार करावयाचा नाही असे लिहिले, ते त्याच्या काळी खरे होते. त्याच्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षे ते वाक्य कोणी खोडले नाही, याचे कारण ज्ञानाची कमतरता हे होते, तसेच या माणसासाठी रोज इतकी यातायात करण्यात अर्थ काय, ही समजूतही होती. ज्यांनी ते खोडले त्यांनी दोन तासांनी कूस बदलली आणि चार तासांनी नळी घातली. आज ते काम रुग्ण स्वतः करतो. त्याला त्यासाठी जागा, पाणी आणि निःसंकोच वागणूक मिळेल एवढी व्यवस्था आपल्या गावात आहे की नाही, याची चौकशी उद्या सकाळी आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या कचेरीत, शाळेत आणि सोसायटीत करता येईल.